बसकपातीचा ठराव सापडतच नाही, मग विरोध शोधायचा कुठे?

समजा, तुम्ही पीएचडीसाठी विषय ठरवलाय: 'मुंबईतली बसकपात आणि नगरसेवकांचा विरोध'. ऐकायला सरळ वाटतो. कपातीचा प्रस्ताव आला असेल, नगरसेवकांनी विरोध केला असेल, मतदान झालं असेल. तो दिवस शोधायचा, त्या बैठकीचं इतिवृत्त काढायचं, झालं प्रकरण तयार! पण बेस्ट समितीच्या कार्यक्रमपत्रिका चाळायला लागलात की गोंधळ सुरू होतो. बसगाड्यांच्या सुट्या भागांची खरेदी आहे, आगारातल्या जागेचं भाडं आहे, गणवेशाचं कापड आहे, वीजमीटर आहेत. 'बसगाड्या कमी करण्याबाबत' असा विषय मात्र दिसत नाही.

आणि गाड्या तर कमी झाल्यात. २०१०च्या सुमाराला बेस्टकडे चार हजारांहून जास्त गाड्या होत्या आणि रोजचे प्रवासी बेचाळीस लाखांच्या आसपास सांगितले जायचे. २०१९च्या मध्यापर्यंत प्रवासी निम्म्यावर आले होते आणि गाड्याही हजारभराने घटल्या होत्या. एवढं सगळं झालं, तर ते ठरवलं कुणी? आणि ठरवलंच नसेल, तर विरोध कशाला झाला?

या लेखात मला एवढंच सांगायचंय की भाडेवाढ कागदावर दिसते, कपात दिसत नाही. त्यामुळे कपातीला झालेला विरोध भलत्याच शीर्षकांखाली शोधावा लागतो. हे एकदा डोक्यात बसलं की तेच दप्तर वेगळं दिसायला लागतं.

आधी मुळात नगरसेवकांचा बसशी संबंध काय, ते बघू. मुंबईत हा संबंध थेट आहे आणि तो १९४७ पासूनचा आहे. १९०५ साली स्थापन झालेली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज ही खासगी कंपनी. तिने १९०७ मध्ये विजेची ट्राम आणली आणि १५ जुलै १९२६ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट ही पहिली बस सोडली. ७ ऑगस्ट १९४७ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, महापालिकेने ती कंपनी ताब्यात घेतली. तेव्हापासून बेस्ट हा महापालिकेचा उपक्रम आहे. कारभार महाव्यवस्थापक बघतात, ते सहसा आयएएस अधिकारी असतात. आणि त्यांच्यावर महापालिकेने निवडलेली बेस्ट समिती असते. १८८८च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात या समितीला स्थान आहे. दरवर्षी साधारण ऑक्टोबरात महाव्यवस्थापक पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प समितीला सादर करतात, तिथून तो स्थायी समितीकडे आणि मग सभागृहात जातो.

आता एसटीशी तुलना करून बघा. एसटी १९४८ पासून राज्याची. तालुक्याच्या गावाची मुक्कामी गाडी बंद झाली तर ग्रामपंचायत किंवा पंचायत समिती ठराव करते, आगारप्रमुखाला निवेदन देते, आमदाराला भेटते. ठराव होतो, पण तो पाळण्याचं बंधन कुणावरच नसतं. पुण्यात २००७ साली पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र करून पीएमपीएमएल ही कंपनी झाली. तेव्हापासून पैसा दोन महापालिका देतात आणि निर्णय संचालक मंडळ घेतं. त्यामुळे पुण्याच्या नगरसेवकाचा विरोध मुख्यसभेत निधी देताना दिसतो आणि तिथे तो बऱ्याचदा तक्रारीच्या सुरात असतो. मुंबईच्या नगरसेवकाच्या हातात मात्र खरोखरच 'नाही' म्हणण्याचा अधिकार होता. म्हणूनच त्याने तो केव्हा वापरला आणि केव्हा नाही, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

आता भाषा. नव्या संशोधकांची सगळ्यात जास्त पंचाईत इथे होते. महापालिकेच्या दप्तरात 'विरोध' हा शब्द फार कमी येतो. प्रस्ताव नाकारायचा तर तो 'दप्तरी दाखल' करतात. म्हणजे एखादा सदस्य उपसूचना मांडतो की सदर प्रस्ताव दप्तरी दाखल करावा, ती मंजूर होते आणि प्रस्ताव संपतो. तुम्ही 'फेटाळला' हा शब्द शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. प्रस्ताव 'राखून ठेवला' म्हणजे नाकारला नाही, पण पुढेही जाऊ दिला नाही. अशा प्रस्तावाचं पुढे काय झालं हे बघायला पुढच्या चार-सहा बैठका चाळाव्या लागतात. 'फेरविचारासाठी परत पाठवला' म्हणजे प्रशासनाने आणखी माहिती आणावी, आणि बऱ्याचदा म्हणजे प्रशासनाने तो परत आणूच नये! 'झटपट तहकुबी' हे आणखी एक हत्यार. बैठक सुरू झाल्या झाल्या एखाद्या घटनेचा निषेध म्हणून सभा तहकूब करायची. त्या दिवशी पत्रिकेवरचं काहीच होत नाही, इतिवृत्त दोन पानांचं असतं आणि घाईत वाचणारा संशोधक ते बाजूला ठेवतो. ठेवू नका. माझ्या मते बससेवेबद्दलचा सगळ्यात खणखणीत विरोध अशाच पातळ इतिवृत्तांत सापडण्याची शक्यता जास्त.

आणि मग 'हरकतीचा मुद्दा'. नियमाप्रमाणे हा कामकाजाच्या पद्धतीवर घ्यायचा आक्षेप आहे. प्रत्यक्षात मुंबईत नगरसेवक त्याचा वापर पत्रिकेवर नसलेला विषय काढण्यासाठी करतात. माझ्या वॉर्डातल्या थांब्यावर अमुक नंबरची बस तासभर येत नाही, हे सांगायला पत्रिकेत जागाच नसते. सदस्य उठतो, हरकतीचा मुद्दा म्हणतो आणि बोलून घेतो. कपातीची खबर दप्तरात पहिल्यांदा शिरते ती बहुतेक याच दारातून.

पण कपात पत्रिकेवर का येत नाही? ती कृतीतून कमी आणि न केलेल्या कृतीतून जास्त होते, म्हणून. बसगाडीचं एक ठरलेलं आयुष्य असतं, साधारण पंधरा वर्षांचं. ते संपलं की गाडी मोडीत निघते, त्यासाठी धोरणात्मक चर्चा लागत नाही. कमी पडतं ते पुढचं पाऊल: नवी गाडी घेणं. 'यंदा गाड्या घ्यायच्या नाहीत' असा प्रस्ताव कोणी आणत नाही, प्रस्ताव आणलाच जात नाही एवढंच. फेऱ्यांचंही तसंच. दहा मिनिटांची बस वीस मिनिटांनी यायला लागते, कारण गाडी नाही, चालक नाही. वेळापत्रक ठरवणं हे मुख्यतः प्रशासनाचं काम, त्यामुळे त्यावर मतदान होत नाही. भाडेवाढीचं उलट आहे. भाडं वाढवायचं तर समिती, सभागृह आणि पुढे परिवहन प्राधिकरण अशा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर कागद तयार होतो. २०१५ साली किमान भाडं फेब्रुवारीत सहाचं सात आणि एप्रिलमध्ये सातचं आठ झालं. त्या वाढीला निवडून आलेल्या लोकांची मंजुरी होती. कुणी काय बोललं, हे तुम्हाला शोधता येईल. त्याच काळात हळूहळू विरत गेलेल्या फेऱ्यांबद्दल असा एकही ठळक दिवस दाखवता येत नाही.

इथे पैशाची गोष्ट थोडी समजून घ्यावी लागेल. बेस्टची दोन अंगं आहेत, वीज आणि वाहतूक. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतच्या शहर भागाला बेस्ट वीज पुरवते. अनेक दशकं विजेच्या उत्पन्नातून बसची तूट भरून निघत होती. वीजग्राहकांच्या खिशातून बसप्रवाशांना मदत, असा तो व्यवहार. मग २००३चा वीज कायदा आला आणि विजेचे दर राज्य वीज नियामक आयोगाच्या कक्षेत गेले. बसची तूट वीजबिलातून वसूल करावी का, यावर वाद झाले, प्रकरण न्यायालयांपर्यंत गेलं आणि अखेर ती वसुली थांबली. बसकपातीच्या इतिहासातली ही कदाचित सगळ्यात मोठी घटना, पण ती बसच्या फाइलमध्ये नाहीच, विजेच्या फाइलमध्ये आहे. दोन्ही फाइली शेजारी ठेवल्याशिवाय २०१५ नंतरचं काहीच उलगडत नाही.

तूट उघडी पडली आणि बेस्टला महापालिकेकडे हात पसरावा लागला. इथून कपात खऱ्या अर्थाने 'प्रस्तावित' होते, पण तीही अटींच्या रूपाने. अजोय मेहता आयुक्त असताना प्रशासनाची भूमिका थोडक्यात अशी होती: आधी सुधारणा करा, मग मदत मागा. सुधारणा म्हणजे तोट्यातल्या मार्गांचा फेरविचार, भाडेवाढ, कर्मचाऱ्यांच्या भत्त्यांना कात्री आणि स्वतःच्या गाड्यांऐवजी भाडेतत्त्वावरच्या गाड्या. एप्रिल २०१७ मध्ये जुन्या वातानुकूलित बस बंद झाल्या. ७ ऑगस्ट २०१७ला वेळेवर पगार मिळावा म्हणून कामगारांनी संप केला. त्या दिवशी रक्षाबंधन होतं, आणि महापालिकेने बेस्ट ताब्यात घेतल्याला बरोबर सत्तर वर्षं पूर्ण झाली होती.

या काळात नगरसेवकांनी काय केलं? त्यांनी अटी सहजासहजी मान्य केल्या नाहीत. आणि त्याहून महत्त्वाचं, बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करावा, असा ठराव समितीत आणि सभागृहात मंजूर केला. माझ्या वाचनात कपातीला झालेला सगळ्यात गंभीर विरोध हाच आहे, आणि त्यात 'बसकपात' हा शब्द शोधूनही महत्त्वाचा ठरत नाही. विलीनीकरण झालं तर बसची तूट ही वेगळ्या उपक्रमाची तूट राहत नाही, रस्ते-पाणी-रुग्णालयांसारखा तो महापालिकेचाच खर्च होतो. मग 'तोट्यातला मार्ग' या शब्दालाच अर्थ उरत नाही; तोट्यातलं रुग्णालय असं आपण म्हणतो का? हा वाद हिशेबाच्या वहीबद्दल दिसतो, पण तो बस म्हणजे काय याबद्दलचा आहे.

पण ठराव मंजूर झाला म्हणजे काम झालं असं नाही. याच कायद्याच्या कलम ६४ नुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. सभागृहाचा ठराव आणि त्याची अंमलबजावणी यांत बरंच अंतर असू शकतं. जानेवारी २०१९ मध्ये बेस्टचे कामगार नऊ दिवस संपावर गेले (८ ते १६ जानेवारी), तेव्हा त्यांच्या मुख्य मागण्यांत हे विलीनीकरणच होतं. म्हणजे सभागृहाने आधीच मंजूर केलेल्या गोष्टीसाठी कामगारांना रस्त्यावर यावं लागलं. संप उच्च न्यायालयाच्या मध्यस्थीनंतर मिटला आणि एका माजी न्यायमूर्तींना मध्यस्थ नेमण्यात आलं.

आता एक अडचणीचा मुद्दा. हे नगरसेवक बिचारे असहाय होते, असं चित्र रंगवायचा मोह होईल. थोडं थांबा. त्या काळात महापालिकेच्या मुदतठेवी साठ हजार कोटी रुपयांच्या आसपास होत्या. बेस्ट समितीत ज्या पक्षांचं बहुमत होतं, तेच स्थायी समितीत आणि सभागृहात सत्तेवर होते. कायद्याने बेस्टने शिलकीचा अर्थसंकल्प द्यायचा असतो. २०१७-१८चा तुटीचा अर्थसंकल्प आला तेव्हा महापालिकेने तो बेस्टकडे परत पाठवला. म्हणजे एका दालनात बस वाचवण्याची भाषणं आणि दुसऱ्या दालनात तुटीचं पुस्तक परत! अर्थसंकल्प आयुक्त तयार करतात हे खरं, प्रशासनाला वळवणं सोपं नसतं हेही खरं. तरी मला वाटतं, 'नगरसेवक विरुद्ध प्रशासन' अशी दुभागणी करून लिहिलेलं प्रकरण फार लवकर कोसळेल. तोच पक्ष, कधीकधी तोच माणूस, कुठल्या खुर्चीवरून काय बोलतो, याचा तक्ता करा. बेस्ट समिती, स्थायी समिती, सभागृह असे तीन रकाने ठेवा. फरक डोळ्यांत भरेल.

जून २०१९ मधला करार हा दुसरा मोठा कागद. महापालिका मदत द्यायला तयार झाली, कामगार संघटनांनी भाडेतत्त्वावरच्या गाड्यांना असलेला विरोध सोडला, आणि बदल्यात बेस्टने स्वतःच्या ३,३३७ गाड्या कायम राखायच्या, असं ठरलं. ९ जुलैपासून किमान भाडं आठवरून पाच रुपयांवर आलं. प्रवासी परत आले, गाड्या ओसंडून वाहायला लागल्या. ३,३३७ या आकड्याकडे मात्र नीट बघा. कपातीला मर्यादा घालणारा एक नेमका, मोजता येईल असा आकडा मिळाला तो करारातून, आणि त्यात आग्रह कामगारांचा होता. सभागृहाच्या ठरावांत तसा आकडा शोधावा लागतो. 'स्थानिक स्वराज्य संस्थेचा विरोध' असा विषय घेतलात, तरी त्या विरोधाचं बळ कुठून येत होतं हे तपासताना कामगार संघटनांचं दप्तर टाळता येणार नाही.

गाड्या मोजायच्या कशा, यावर दोन शब्द. अधिकृत ताफ्याचा एकूण आकडा एकटा वापरू नका. स्वतःच्या आणि भाडेतत्त्वावरच्या गाड्या वेगळ्या मांडा. शिवाय २०१९ नंतर बऱ्याच छोट्या मिडी-मिनी गाड्या आल्या. एक दुमजली गाडी मोडीत गेली आणि एक मिनी आली, तर ताफा तेवढाच दिसतो, आसनं मात्र कितीतरी घटतात. जुन्या पद्धतीच्या शेवटच्या दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ला थांबल्या, त्या दिवशी लोकांनी फोटो काढले, हार घातले. आसनक्षमता आणि रोजचे धावलेले किलोमीटर यांचा तक्ता केलात तर कपात कधी आणि किती झाली ते खरं कळेल. मग तो तक्ता इतिवृत्तांच्या तारखांशेजारी ठेवा. कपात झाली आणि सभागृह गप्प होतं ते महिने, आणि सभागृह गरजत होतं पण आकडे स्थिर होते ते महिने, दोन्हींवर खूण करा. प्रकरण तिथूनच सुरू होईल.

आणि मग एक तारीख येते जिथे हा सगळा तक्ता एका बाजूने कोरा पडतो. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणूक झाली नाही आणि ८ मार्चपासून प्रशासक आले. सभागृह नाही, स्थायी समिती नाही, बेस्ट समितीही नाही. प्रस्ताव मांडणारं आणि मंजूर करणारं प्रशासन एकच. ना उपसूचना, ना झटपट तहकुबी, ना हरकतीचा मुद्दा. हे जवळपास चार वर्षं चाललं, १५ जानेवारी २०२६ला मतदान होईपर्यंत. याच काळात बेस्टच्या स्वमालकीच्या गाड्या घटत घटत हजाराच्या खाली गेल्या. ३,३३७चा आकडा करारात लिहिलेलाच होता. ९ मे २०२५ला किमान भाडं पाचाचं दहा झालं, वातानुकूलितचं सहाचं बारा.

२०१५ची भाडेवाढ आणि २०२५ची भाडेवाढ शेजारी ठेवून बघा. पहिल्या वेळी रुपया-दोन रुपयांसाठी लोकप्रतिनिधींना हात वर करावे लागले, मतदारांना तोंड द्यावं लागलं. दुसऱ्या वेळी भाडं दुप्पट झालं आणि महापालिकेच्या दप्तरात निवडून आलेल्या एकाही माणसाचं त्यावर मत नाही. पन्नास वर्षांनी कोणी संशोधक ही दप्तरं उघडेल तेव्हा त्याला वाटू शकेल की २०२२ नंतर बसकपातीला कुणाचा विरोधच नव्हता. कारण इतिवृत्तच नाही. तुम्ही आज हा विषय घेत असाल तर ही चार वर्षं भरून काढण्याचं काम तुमच्यावर येतं, आणि त्यासाठीचं साहित्य महापालिकेच्या इमारतीबाहेर आहे. 'आमची मुंबई आमची बेस्ट'सारख्या नागरिक मंचांची निवेदनं, कामगार संघटनांची पत्रकं, माजी नगरसेवकांनी आयुक्तांना लिहिलेली पत्रं, मराठी वर्तमानपत्रांची शहर पानं, विधिमंडळातले तारांकित प्रश्न, माहिती अधिकारातली उत्तरं. यातलं बरंचसं व्हॉट्सअॅपवर फिरतं आणि नाहीसं होतं. पत्रकाचा फोटो मिळाला तर तो कधी, कुणाकडून मिळाला हे त्याच दिवशी लिहून ठेवा, सहा महिन्यांनी आठवत नाही.

मुलाखती घेणार असाल तर माजी समिती सदस्यांना 'तुम्ही विरोध केला होता का' असं विचारू नका. सगळे 'हो' म्हणतील! 'अमुक वर्षीचा अर्थसंकल्प परत आला तेव्हा तुम्ही कुठल्या समितीत होतात' असं विचारा आणि तारीख सोबत ठेवा. आगारातल्या निवृत्त वाहतूक अधिकाऱ्यांशी आवर्जून बोला. कुठल्या मार्गाच्या फेऱ्या कुठल्या महिन्यात गळाल्या, हे त्यांना पाठ असतं, आणि कुठल्या नगरसेवकाचा फोन आल्यावर कुठली फेरी परत सुरू झाली हेही. फोनवर झालेला हा विरोध कुठल्याच इतिवृत्तात नाही.

आता नवं सभागृह आलंय. जुन्या दप्तरातून मागे जायचं नसेल तर इथून पुढेही सुरुवात करता येईल. ऑक्टोबरातला बेस्टचा अर्थसंकल्प मिळवा, त्यावरची भाषणं एकेक करून वाचा आणि ३,३३७ हा आकडा कोण काढतं, किती वेळा काढतं, ते मोजा.